जँगोवरची पहिली वेबसाइट: ‘रनसर्व्हर’ टाकल्यावर नेमकं काय होतं?

‘माझी वेबसाइट तयार झाली, ही घ्या लिंक’ असं म्हणत कुणीतरी ग्रुपवर 127.0.0.1:8000 हा पत्ता टाकतं आणि बाकीचे हसून लोळतात. प्रोग्रॅमिंगच्या मीम पेजवर हा विनोद फिरून फिरून येतो. हसणाऱ्यांना माहीत असतं की 127.0.0.1 या पत्त्याचा अर्थ प्रत्येक कॉम्प्युटरसाठी ‘मी स्वतः’ असा आहे. तुमच्या लॅपटॉपवर तो तुमच्या लॅपटॉपकडे जातो, मित्राच्या मोबाइलवर मित्राच्याच मोबाइलकडे. तिथे वेबसाइट नाहीच, त्यामुळे काही उघडत नाही.

पण लिंक टाकणाऱ्याचंही पूर्ण चुकलेलं नसतं. त्याच्या लॅपटॉपवर वेबसाइट खरोखर सुरू असते. यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून पाच-सहा कमांड टाकल्या, रॉकेट उडताना दिसलं, पण मधे काय झालं ते कुणी सांगितलं नाही, अशी अनेकांची स्थिती असते. या लेखात तेवढंच समजून घेऊ. उदाहरण जँगो या फ्रेमवर्कचं घेऊ.

एक सूचना आधीच. लेखात कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कॉम्प्युटरवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची असतात. कॉपी-पेस्ट करण्याजोग्या अचूक कमांड जँगोच्या अधिकृत ट्यूटोरियलमध्ये मिळतील. ते उघडं ठेवून हा लेख वाचलात तर उत्तम.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

लग्नासाठी हॉल घेतला की खुर्च्या, स्टेज, वीज, पाणी, भांडी आधीच असतात. मेन्यू काय आणि पाहुणे कोण, एवढं तुम्ही ठरवता. वेब फ्रेमवर्क साधारण तसंच असतं. ब्राउझरकडून आलेली विनंती घेणं, पत्ता बघून योग्य पान शोधणं, डेटाबेसशी बोलणं, लॉगिन, फॉर्मची सुरक्षितता ही कामं जवळपास प्रत्येक वेबसाइटला लागतात. ती दरवेळी शून्यापासून लिहिण्याऐवजी तयार मिळतात.

पायथन भाषेत फ्लास्क, फास्टएपीआय असे इतरही पर्याय आहेत आणि ते जँगोपेक्षा आटोपशीर आहेत. पण डेटाबेस, लॉगिन आणि माहिती भरायचं पॅनल हे सगळं पहिल्या दिवसापासून हवं असेल तर माझ्या मते जँगोच बरं. सुरुवातीला फाइली जास्त दिसतात, पण नंतर जोडाजोड कमी करावी लागते.

एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात

जँगोचा जन्म एका स्थानिक वर्तमानपत्रात झाला, ही गोष्ट पत्रकार म्हणून मला विशेष आवडते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं शहर आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोन प्रोग्रॅमर काम करत होते. 2003 मध्ये त्यांनी वेबसाइट बांधायला पायथन वापरायला सुरुवात केली. जेकब कॅप्लन-मॉस नंतर या कामात आले. बातमीच्या धंद्यात ‘पुढच्या महिन्यात देतो’ चालत नाही. एखादं नवं पान काही दिवसांत, कधी काही तासांत उभं करावं लागायचं. तेच तेच काम टाळण्यासाठी त्यांनी जी साधनं बनवली, त्यांचं फ्रेमवर्क झालं. जुलै 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं आणि मोफत करण्यात आलं.

नाव ठेवलं जाझ गिटारवादक जँगो राइनहार्ट याच्यावरून. या नावाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘डी’ असतो, पण तो उच्चारत नाहीत. इन्स्टॉल करताना मात्र तो ‘डी’ टाइप करायलाच लागतो.

पुढे 2009 मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळवणारी ‘पॉलिटीफॅक्ट’ ही तथ्यपडताळणीची वेबसाइट जँगोवर बांधलेली होती. इन्स्टाग्रामची सुरुवातही जँगोवरच झाली. म्हणजे रील बघताना या नावाशी तुमचा अप्रत्यक्ष संबंध आधीच आलेला आहे.

मांडामांड

आधी पायथन हवं. विंडोजवर पायथनच्या इन्स्टॉलरची पहिली खिडकी उघडते तेव्हा तळाशी ‘पाथ’चा उल्लेख असलेला एक चौकोन असतो. घाईत लोक तिथे टिक करत नाहीत. मग टर्मिनलमध्ये ‘पायथन’ टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि सगळे गोंधळतात. टिक केली की कुठल्याही फोल्डरमधून पायथन सापडतं. जँगोची 5.2 ही आवृत्ती एप्रिल 2025 मध्ये आली. तिला दीर्घकाळ सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत आणि तिच्यासाठी पायथन 3.10 किंवा त्याच्या पुढचं लागतं.

दुसरी पायरी म्हणजे ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’. अनेक व्हिडिओंमध्ये हे ‘फक्त टाइप करा’ म्हणून उरकलेलं असतं. आज तुम्ही जँगो 5.2 वर एक प्रोजेक्ट केला आणि वर्षभराने दुसरा प्रोजेक्ट नव्या आवृत्तीवर सुरू केला, तर एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही आवृत्त्या लागतील. त्या एकमेकींच्या आड येऊ नयेत म्हणून प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं वेगळं कपाट द्यायचं. पायथनसोबतच येणारं ‘व्हेनव्ह’ हे साधन ते कपाट बनवतं. मग ते ‘ॲक्टिव्हेट’ करायचं. टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला कंसात त्याचं नाव दिसलं की काम झालं. टर्मिनल बंद केलं की हे ॲक्टिव्हेशन जातं. दुसऱ्या दिवशी ‘जँगो सापडत नाही’ अशी एरर आली तर पहिला संशय यावरच घ्यावा.

त्यानंतर ‘पिप’ने जँगो इन्स्टॉल करायचं आणि ‘जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट’ ही कमांड प्रोजेक्टच्या नावासह द्यायची. एक फोल्डर तयार होतो. त्यात ‘मॅनेज.पाय’ असते, जिच्याकडून पुढची सगळी कामं करून घ्यायची. आतल्या फोल्डरमध्ये ‘सेटिंग्ज.पाय’ आणि ‘यूआरएल्स.पाय’ असतात. बाकीच्या फाइलींकडे आज लक्ष दिलं नाही तरी चालेल.

रॉकेट आणि लाल अक्षरं

आता ‘मॅनेज.पाय रनसर्व्हर’. ब्राउझरमध्ये 127.0.0.1:8000 उघडलं की रॉकेट उडताना दिसतं आणि इन्स्टॉल यशस्वी झाल्याचं अभिनंदन येतं.

इथे काय झालं? तुमच्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम चालू झाला आणि 8000 क्रमांकाच्या दारापाशी कान देऊन बसला. तंत्रज्ञ या दाराला पोर्ट म्हणतात. ब्राउझरने त्या दारावर टकटक केली, प्रोग्रॅमने उत्तरादाखल रॉकेटचं पान दिलं. इंटरनेट बंद करून बघा, तरी पान उघडेल, कारण विनंती लॅपटॉपच्या बाहेर गेलीच नाही. टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी दाबलं की प्रोग्रॅम थांबतो आणि ‘वेबसाइट’ नाहीशी होते.

टर्मिनलमध्ये लाल अक्षरांत एक इशाराही येतो: 18 मायग्रेशन लागू केलेली नाहीत. काही बिघडलेलं नसतं. लॉगिन, परवानग्या, सेशन यांसाठी जँगोला डेटाबेसमध्ये काही तक्ते हवे असतात. त्यांचे आराखडे तयार आहेत, तक्ते अजून मांडलेले नाहीत, एवढंच तो सांगतो. ‘मॅनेज.पाय मायग्रेट’ दिलं की ते मांडले जातात आणि इशारा जातो. हा डेटाबेस ‘एसक्यूलाइट’ प्रकारचा असतो, म्हणजे तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधली एक साधी फाइल. ही फाइल लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

एका विनंतीचा प्रवास

समजा आपल्याला गावच्या एसटी स्थानकाचं वेळापत्रक दाखवायचं आहे: कुठल्या गावाला, कुठून मार्गे, किती वाजता. त्यासाठी ‘मॅनेज.पाय स्टार्टॲप’ देऊन ‘वेळापत्रक’ नावाचं ॲप करायचं, नाव अर्थात रोमन लिपीत. प्रोजेक्ट आणि ॲप यांतला फरक नव्या माणसाला हमखास अडवतो. प्रोजेक्ट म्हणजे पूर्ण वेबसाइट, ॲप म्हणजे तिचा एक विभाग. वेळापत्रक एक ॲप, तक्रारपेटी दुसरं. नवं ॲप केलं की त्याचं नाव सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ यादीत घालावं लागतं. ते राहिलं तर जँगोला तुमच्या विभागाचा पत्ताच नसतो.

आता एखाद्याने ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे ‘/बस/’ टाकलं, तर विनंती आधी ‘यूआरएल्स.पाय’कडे जाते. ही चौकशीची खिडकी. कुठला पत्ता आला तर कुणाकडे पाठवायचं, याची यादी तिथे असते. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. काहीच जुळलं नाही तर 404.

खिडकीने विनंती पाठवली ‘व्ह्यू’कडे. नावावरून वाटतं तसा व्ह्यू म्हणजे दिसणारं पान नाही. तो काम करणारा कारकून आहे: डेटाबेसकडून बसची यादी मागवतो, वेळेनुसार लावतो आणि ‘टेम्प्लेट’कडे देतो. टेम्प्लेट म्हणजे एचटीएमएलचा छापील नमुना, ज्यात रिकाम्या जागी माहिती भरली जाते. ते भरलेलं पान ब्राउझरकडे परत जातं. खिडकी, कारकून, छापील नमुना. जँगोची कुठलीही एरर आली की आधी ती या तिघांपैकी कुणाकडची आहे ते विचारायचं, अर्धं काम तिथेच होतं.

टेम्प्लेटची एक चांगली सवय इथेच सांगायला हवी. कुणी गावाच्या नावाच्या रकान्यात जावास्क्रिप्टचा कोड भरला, तर जँगो तो चालवत नाही, साधा मजकूर म्हणून दाखवतो. तुम्ही मुद्दाम बंद केलं नाही तर हे संरक्षण आपोआप असतं.

बसची माहिती ठेवायची कुठे?

‘मॉडेल्स.पाय’ या फाइलीत. तिथे ‘बस’ नावाचा एक क्लास लिहून तिला गाव, मार्ग आणि वेळ असे तीन रकाने द्यायचे. पायथनमध्ये ही नावं खरं तर देवनागरीतही ठेवता येतात, भाषा हरकत घेत नाही. पण दर ओळीला कीबोर्ड बदलत बसावं लागतं, म्हणून सहसा कुणी ठेवत नाही.

मॉडेल लिहिलं की दोन कमांड: ‘मेकमायग्रेशन्स’ आणि ‘मायग्रेट’. पहिली बदलाचा आराखडा लिहून ठेवते, दुसरी तो डेटाबेसमध्ये अमलात आणते. दोन वेगळ्या का, हे आठवड्याभराने कळतं. समजा वीस बस भरून झाल्यावर तुम्हाला फलाट क्रमांकाचा रकाना जोडायचा आहे. मेकमायग्रेशन्स दिल्यावर जँगो थांबून विचारतो: आधीच्या वीस बसच्या या रकान्यात काय भरू? अनेक जण इथे घाबरून डेटाबेसची फाइलच उडवतात आणि भरलेली माहिती जाते. त्याची गरज नाही. एकतर त्याच वेळी तात्पुरतं उत्तर द्या, नाहीतर बाहेर पडून मॉडेलमध्ये ‘हा रकाना रिकामा चालेल’ असं लिहा आणि पुन्हा कमांड द्या. आराखडा आधी लिहिला जातो, म्हणूनच हा प्रश्न माहितीला हात लागण्याआधी समोर येतो.

आता लॉरेन्सच्या त्या ऑफिसकडे परत जाऊ. माहिती भरणार होते बातमीदार, त्यांना कोड येत नव्हता. प्रत्येक नव्या विभागासाठी माहिती भरायची वेगळी पानं कोण बनवणार? यावरचं उत्तर म्हणजे जँगोचं ॲडमिन पॅनल. ‘क्रिएटसुपरयूझर’ कमांडने स्वतःसाठी खातं करायचं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, पण कीबोर्ड बिघडलेला नसतो. मग ‘ॲडमिन.पाय’मध्ये बस मॉडेलची नोंद केली की ‘/ॲडमिन/’ या पत्त्यावर बस जोडण्याचा, बदलण्याचा आणि काढून टाकण्याचा पूर्ण फॉर्म तयार असतो. त्यासाठी एचटीएमएलची एकही ओळ लिहावी लागत नाही.

पॅनल उघडल्यावर दोन गमती दिसतील. मॉडेलचं अनेकवचन करायला जँगो सरळ शेवटी ‘एस’ लावतो, त्यामुळे बसचं ‘बस्स’ झालेलं असतं. आणि भरलेल्या प्रत्येक नोंदीचं नाव ‘बस ऑब्जेक्ट 1’ छापाचं दिसतं. मॉडेलमध्येच अनेकवचन आणि नोंद कशी दाखवायची ते लिहिलं की दोन्ही सुधारतात. तिथे मराठीत लिहिलेलं चालतं.

मराठी वेबसाइट करताना

नव्या प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये टाइम झोन ‘यूटीसी’ असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्या पानावर ‘आत्ता यानंतरच्या बस’ दाखवायच्या असतील तर हा घोटाळा लगेच दिसतो. सकाळी 8 वाजता कुणी पान उघडलं तर जँगोच्या घड्याळात रात्रीचे अडीच वाजलेले असतील आणि सव्वासहाला निघून गेलेली गाडी अजून यायची आहे असं ते सांगेल. सेटिंग बदलून ‘एशिया/कोलकाता’ करायची. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठीचा ‘एमआर’ हा पर्यायही आहे.

दुसरी अडचण कमी जणांना माहीत असते. लेखाच्या शीर्षकावरून लिंकचा शेवटचा भाग बनवायला जँगोत ‘स्लगिफाय’ नावाचं फंक्शन आहे. त्याला देवनागरी शीर्षक दिलं की काहीच परत येत नाही, कारण ते फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवतं. ‘युनिकोड चालेल’ असा पर्याय दिला तर अक्षरं राहतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार गळून पडतात. ‘पुणे’चं ‘पण’ होतं, ‘मराठी’चं ‘मरठ’. पायथन या चिन्हांना ‘अक्षर’ मानत नाही, हे त्याचं कारण. लिंकसाठी रोमन लिपीतलं नाव वेगळं भरून घेणं किंवा सरळ नोंदीचा क्रमांक वापरणं, हे सगळ्यात कमी डोकेदुखीचं.

मोबाइलवर बघायचं असेल तर

लॅपटॉप आणि मोबाइल एकाच वाय-फायवर असतील तर हे जमतं. रनसर्व्हरच्या पुढे 0.0.0.0:8000 लिहायचं, म्हणजे सर्व्हर फक्त ‘मी स्वतः’साठी न बसता नेटवर्कवरच्या इतरांचंही ऐकतो. मग लॅपटॉपचा वाय-फायवरचा पत्ता शोधायचा, तो बहुतेक 192.168 ने सुरू होतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता आणि पुढे :8000 टाकायचं. बहुधा आधी एरर येईल. ती नीट वाचा, तुमचा पत्ता ‘अलाउड होस्ट्स’ यादीत घाला असं तिथेच लिहिलेलं असतं. कॉलेजच्या किंवा कॅफेच्या वाय-फायवर हे करू नका, कारण त्या नेटवर्कवरच्या बाकीच्यांनाही तुमचं पान दिसू शकतं.

आणि जगाला दाखवायचं असेल तर?

रनसर्व्हर त्यासाठी नाही. खऱ्या वेबसाइटसाठी तो वापरू नका, असं जँगोचे कर्तेच सांगतात. बाहेरच्या सर्व्हरवर त्याची जागा गुनिकॉर्नसारखे प्रोग्रॅम घेतात. ते सगळं करण्याआधी सेटिंग्जमधल्या दोन ओळींकडे बघणं भाग आहे.

पहिली, डीबग. नव्या प्रोजेक्टमध्ये ती चालू असते. त्यामुळे एरर आली की पिवळसर पानावर सगळा तपशील येतो: कुठल्या फाइलीत, कुठल्या ओळीत, त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं. शिकताना याच्याइतका चांगला मास्तर नाही. पण हेच पान बाहेरच्या माणसाला दिसलं तर? पासवर्ड, टोकन असे शब्द नावात असलेल्या सेटिंग जँगो झाकतो. फॉर्म भरणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर जर एखाद्या साध्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये असेल, तर तो मात्र तसाच दिसेल. बाहेर जाताना डीबग बंदच हवं. ते बंद केलं की अलाउड होस्ट्समध्ये तुमच्या वेबसाइटचं नाव भरावं लागतं. आणि रनसर्व्हर आतापर्यंत गुपचूप पुरवत असलेल्या सीएसएस आणि चित्रांच्या फाइली देणं बंद करतो, म्हणून पान अचानक उघडंबोडकं दिसतं. त्या फाइलींची सोय वेगळी करावी लागते.

दुसरी, सीक्रेट की. ही लांबलचक किल्ली प्रोजेक्ट तयार होतानाच सेटिंग्जमध्ये लिहिली जाते आणि तिच्या सुरुवातीलाच ‘जँगो-इनसिक्युअर’ असा इशारा असतो. कुकी आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंक खऱ्या आहेत हे तपासायला ती लागते. प्रोजेक्ट गिटहबवर टाकला की ही किल्लीही सार्वजनिक होते. मघाची ती डेटाबेसची फाइलही सोबत जाते, म्हणजे त्यात भरलेली माणसांची नावं आणि नंबरसुद्धा. जँगो या फाइली गिटपासून आपोआप लपवत नाही. पहिल्या अपलोडच्या आधी ‘गिटइग्नोर’ फाइलीत डेटाबेसचं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डरचं नाव लिहा, किल्ली सेटिंग्जच्या बाहेर ठेवा. ‘नंतर डिलीट केली’ म्हणून भागत नाही, गिट जुना इतिहास जपून ठेवतो. अशा वेळी नवी किल्ली बनवावीच लागते. बाहेर गेलेले फोन नंबर मात्र बदलता येत नाहीत, म्हणून सरावासाठी खऱ्या माणसांची माहिती भरूच नका.

काय काय राहिलं आहे हे जँगोलाच विचारता येतं. ‘मॅनेज.पाय चेक’ या कमांडपुढे दोन आडव्या रेघा आणि ‘डिप्लॉय’ लिहा. नव्या प्रोजेक्टवर ती दिली की इशाऱ्यांची यादी येते. त्यात डीबग चालू असल्याचं असतं, किल्ली कच्ची असल्याचं असतं, वेबसाइट एचटीटीपीएसवर नेलेली नसल्याचंही असतं. प्रत्येक इशाऱ्याला एक क्रमांक असतो. तो जँगोच्या कागदपत्रांत शोधला की कारण आणि उपाय दोन्ही सापडतात.